तिसऱ्याच्या दावणीला स्टोव्ह

स्टोव्ह बिघडलेला होता. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे तीन पंच, एक वकील आणि वाशीमची अर्धी पेठ यांनी मिळून या साध्या गोष्टीविषयी इतक्या शंका काढल्या, की बिघाड स्टोव्हमध्ये आहे की माझ्यात, असा प्रश्न एकदा मलाही पडला होता.

१९३८ सालच्या आषाढात आम्ही तो केशरीचंद शेटजींच्या दुकानातून घेतला. घेण्याचं कारण माझ्या सासूबाईंचे डोळे. चतुराबाईंचा डावा डोळा आधीच गेला होता. उजव्याबद्दल दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की चुलीचा धूर थांबला तर तो राहील, नाही तर तोही जाईल. पावसाळ्यात लाकडं ओली असतात आणि आमचं स्वयंपाकघर एका खिडकीचं. पण स्वयंपाक सासूबाईंनीच करायचा, हा घरातला कायदा होता. मला भाजी चिरण्याचा आणि पाणी भरून ठेवण्याचा अधिकार होता. मी नागपूरला विज्ञानाची पदवी घेतली होती, पण त्या पदवीत भाकरी नव्हती, असं त्यांचं म्हणणं. आणि वस्तुस्थितीही तीच होती.

स्टोव्हला त्या मोठ्या मिनतवारीनं कबूल झाल्या.

"एक डाव पाह्यतो," त्या म्हणाल्या. "घरादाराच्या भाकरी झाल्या त इस्टो. नाही झाल्या त चूल. मंग मले पुन्हा कोनी शानपन शिकवाचं नाही."

पहिल्या दिवशी शेजारच्या मनकर्णाबाई नारळ घेऊन आल्या. त्यांचे यजमान उकंडराव, महसूल खात्यातून निवृत्त झालेले गिरदावर, ओट्यावरच थांबले. अकोल्याला कोणाच्या तरी घरी स्टोव्हचा भडका उडाल्याचं त्यांच्या कानावर होतं, आणि नारळ फोडायला आपली गरज नाही असं त्यांचं मत पडलं. मी माहितीपत्रक दोनदा वाचलं होतं. वाटीत स्पिरिट घातलं, बर्नर तापू दिला, पंप मारला. निळी, सारखी ज्योत आली. दोन भाकरी चांगल्या फुगल्या. सासूबाईंनी पीठ वाढवून घेतलं. मी मनातल्या मनात डॉक्टरांना कळवण्याचं वाक्य जुळवू लागले.

तिसऱ्या भाकरीला बर्नरच्या बुडाशी फुर्रर झालं. ज्योत पिवळी पडली, मग लाल, मग टाकीच्या गळ्यातूनच एक जीभ बाहेर आली. मी हवा सोडली. तोवर नुकती चुन्यानं सारवलेली भिंत काळी झाली होती, भाकरी काळी झाली होती, आणि बाहेरून उकंडराव ओरडत होते, "मांगं सरा! मी सांगतलं होतं!" त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं.

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे व माय. त्याचा काय दोष? बिचारा शहरातून आला, त्याले कुठून माहीत आपल्या घरचं." आणि फुंकणी तोंडाला लावली.

दुपारी मी दुकानात गेले. केशरीचंद शेटजी अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला दिलं, पाणी मागवलं, आणि स्टोव्हकडे न पाहता चौकशी सुरू केली.

"पयले मले सांगा वकीलीनबाई, तेल कोनाचं होतं?"

"तुमच्याच दुकानचं."

"मंग तेल चांगलं आहे. पंप कोनं मारला?"

"मी."

"हां," शेटजी म्हणाले. त्या एका अक्षरात संपूर्ण निकाल होता.

मी त्यांना समजावून सांगितलं, की बर्नरची नळी टाकीला जिथे झाळली आहे तिथला सांधा कच्चा आहे. थंड असताना तो धरतो. पितळ तापलं की फट उघडते आणि हवा बाहेर येते. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि माझ्या शिक्षणाची तारीफ केली. मग म्हणाले, "माल अकोल्याहून आला तवा चोख होता. मेडशीच्या नाल्यापाशी मोटार आदळते. त्यात काही झालं असन, त मदनसिंगाले विचारा. आमच्याकडून खोट नाही."

मदनसिंग अकोल्याची मोटार चालवत असे. मी त्यालाही विचारलं. प्रयोगात एकही शक्यता सोडायची नसते. तो म्हणाला, "बाई, त्याच मोटारीत मानसं बसून येतेत. ते नाही फुटत, त पितळ कसं फुटन?" मी ती शक्यता खोडली.

आता वाचक म्हणतील, घरात वकील असताना एवढी पायपीट कशाला? तेच मला पेठेतल्या प्रत्येकानं विचारलं. माझे यजमान, म्हणजे वकीलसाहेब (सगळं गाव त्यांना असंच म्हणतं, मीही तसंच म्हणते) संध्याकाळी पगडी उतरवत म्हणाले, "केशरीचंद माझा पक्षकार आहे. त्याच्याविरुद्ध मला उभं राहता येत नाही."

"मग दुसरा वकील द्या."

"म्हणजे तुझ्याविरुद्ध मला उभं राहावं लागेल. तेवढी हिंमत माझ्यात नाही."

"मग दुसरा स्टोव्ह आणू."

"दुसरा आणलास तर पहिल्यावरचा हक्क सोडला असा अर्थ होईल," ते म्हणाले, आणि शांतपणे जेवायला बसले. धुरामुळे त्यांना एक शिंक आली.

अशा स्थितीत उकंडराव मदतीला आले. रिसोडच्या बैलबाजारात खरेदीचे तंटे मिटवण्यात त्यांचं नाव होतं. बैल घरी आणल्यावर लंगडा निघाला, मारका निघाला, बसका निघाला, की दोन्हीकडचे लोक उकंडरावांकडे येत, आणि बाजाराच्या रिवाजाप्रमाणे निवाडा होई. कोर्टात जायची गरज पडत नसे.

"काहून कोर्ट पाह्यजे?" ते म्हणाले. "पंच बसवू. माल माल असते, त्याले शिंगं असो की नसो."

हे वाक्य मला त्या वेळी समंजस वाटलं.

पंच तीन. एक उकंडराव. माझ्या बाजूनं मारोतराव, आमच्या गल्लीतले जुने पोस्टमास्तर. शेटजींच्या बाजूनं फूलचंद, त्यांचे कापडदुकानदार भाऊबंद. पहिल्याच बैठकीत उकंडरावांनी बैलबाजाराचा मुख्य नियम सांगितला: वादातलं जनावर विकणाऱ्याच्याही दावणीला नको आणि घेणाऱ्याच्याही नको. ते तिसऱ्याच्या दावणीला बांधायचं. तिथे त्याला रोज कामाला जुंपून पाहायचं. चाललं तर विकणारा खरा, बसलं तर घेणारा खरा.

"आणि तोवर तो सांधा पुन्हा झाळून घेतला तर?" मी विचारलं.

तिन्ही पंच माझ्याकडे पाहू लागले. फूलचंद समजुतीच्या सुरात म्हणाले, "वादातल्या जनावराले दवा देत नसतेत, बाई."

त्याच दिवशी स्टोव्ह उकंडरावांच्या गोठ्यात गेला. गव्हाणीशेजारी फळी ठोकून तो तिच्यावर ठेवला, आणि रिवाज पुरा व्हावा म्हणून त्याच्या एका पायाला दावं बांधलं. उकंडराव थट्टा करत नव्हते. त्यांना थट्टा येत नसे. मनकर्णाबाईंनी दोन दिवसांनी तो ओसरीवर आणला, कारण त्याचा आवाज ऐकून बैल कडबा खाईना. पण दावं तसंच राहिलं.

स्टोव्हला जुंपणं पहिल्या दिवसापासूनच सुरू झालं होतं. म्हणजे रोज सकाळी मनकर्णाबाई त्याच्यावर चहा करत आणि पंच तो पीत. चहा होईपर्यंत पितळ पुरतं तापत नसे, सांधा धरून राही, ज्योत निळीच्या निळी. पंच कपबशी खाली ठेवून म्हणत, "चालून राह्यला." उकंडरावांनी चाचणी लगेच संपवू नये असं सुचवलं, एवढ्या चांगल्या जनावरावर घाईनं निकाल देणं बरं नव्हे. मारोतराव माझ्या बाजूचे होते. तेही दुसरा कप घेत.

मी पंचांपुढे प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. थंड स्टोव्हच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. काही झालं नाही. मग बराच वेळ पेटता ठेवून, विझवून, पुन्हा हवा भरून तेच पाणी लावलं. सांध्यापाशी ठसठशीत बुडबुडे उठले, एकामागून एक. मी बाजूला सरले आणि म्हटलं, "पाहा."

पंचांनी वाकून पाहिलं. शेटजींनीही पाहिलं. मग शेटजी खेदानं म्हणाले, "बाई, साबन लावल्यावर कोनत्याबी वस्तूले फेस येते."

"येते," मारोतराव म्हणाले. ते माझ्या बाजूचे पंच होते, हे पुन्हा सांगावंसं वाटतं.

मी म्हटलं, "मग याच्यावर भाकरी करून पाहा. चहा ही काही परीक्षा नव्हे."

यावर पंचांमध्ये खरोखरची चर्चा झाली, आणि तिनं माझं फार नुकसान केलं. प्रश्न असा निघाला, की हे जनावर गाडीचं म्हणून विकलं की नांगराचं म्हणून. गाडीचा बैल नांगराला बसला तर विकणाऱ्याचा दोष नाही. शेटजी म्हणाले, त्यांनी चहापाण्यासाठी विकला. मी म्हटलं, मी भाकरीसाठी घेतला. "तसं बोली झाली होती?" उकंडरावांनी विचारलं. आमच्यात 'स्टोव्ह द्या' एवढीच बोली झाली होती. पंचांनी मान हलवली. शिवाय पोळा जवळ आला होता, आणि पोळ्याआधी बैलाचा निकाल देत नाहीत. पोळ्याआधीच शेटजींचं पर्युषण लागणार होतं, म्हणजे शेटजी आणि फूलचंद दोघेही उपास-प्रवचनात. तेव्हा निकाल भाद्रपदात.

गल्लीतल्या बाया पाणी भरताना मला विचारू लागल्या, "काय म्हन्ते तुमचा बैल?" पोळ्याच्या दिवशी मनकर्णाबाईंनी बैलांना ओवाळलं आणि दाव्याला होता म्हणून स्टोव्हलाही हळदकुंकू लावलं. मला पुरणपोळीचं बोलावणं होतं. मी डोकं दुखतंय असं कळवलं.

या सगळ्या काळात आमच्या घरी चूल पेटत होती. सासूबाई तक्रार करत नसत. मी ओल्या लाकडांचा प्रश्न काढला की त्या म्हणत, "निकाल लागू दे ना मंग. पंच बसले आहेत ना तुझे?" एकदा मी भाजी चिरत होते. त्यांनी आधणासाठी पाणी उचललं आणि पातेल्यात ओतायचं ते पातेल्याशेजारी ओतलं. सगळं चुलीत गेलं. वाफ आणि राख उसळली. त्या थोडा वेळ हातात रिकामा तांब्या धरून बसल्या. मग हसल्या.

"चुलीले तहान लागली होती," त्या म्हणाल्या.

मी उठून दुसरं पाणी आणलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की माझं म्हणणं बरोबर असण्याचा त्या डोळ्याला काही उपयोग नव्हता.

पर्युषण संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केशरीचंद शेटजी आणि त्यांच्या पत्नी कंचनबाई आमच्या दारी आले. दरवर्षीच येत. जैन घरांत तो क्षमा मागण्याचा दिवस. ज्यांच्याशी वर्षभर व्यवहार झाला त्या सगळ्यांकडे शेटजी जात, आणि जिथे कटुता आली असेल तिथे आधी जात. आमच्याकडे ते त्या दिवशी सर्वांत आधी आले होते. उपासांनी चेहरा उतरला होता. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्. सालभरात जानता-अजानता, मनानं, बोलन्यानं, कामानं तुमचं दिल दुखवलं असन, त माफ करा."

दरवर्षी मी 'असं काय म्हणता' असं म्हणून त्यांना बसायला सांगत असे. या वेळी मी म्हटलं, "कशाबद्दल, शेटजी?"

"सगळ्याबद्दल, बाई."

"सगळ्यात स्टोव्ह येतो का?"

शेटजींचे जोडलेले हात तसेच राहिले. हो म्हणावं तर माल खोटा ठरतो. नाही म्हणावं तर क्षमा अर्धी राहते, आणि वर्षातून एकदा मागायची ती अर्धी मागून कसं चालेल? त्यांच्या कपाळावर घाम आला. मला समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

तेवढ्यात खुर्चीवरून वकीलसाहेब बोलून गेले, "शेटजी, उत्तर देऊ नका."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "सवयीनं गेलं तोंडातून," ते म्हणाले.

"हे कचेरी नोहे, वकीलसाहेब," कंचनबाई म्हणाल्या.

बोलणं ऐकून सासूबाई पदरानं डोळा पुसत आतून आल्या. त्यांच्यामागून धूरही आला. "कोन आलं व?" त्यांनी विचारलं. शेटजी त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. सासूबाईंनी त्या पांढऱ्या कपड्यांकडे मान तिरकी करून पाहिलं.

"डॉक्टरसाहेब आले काय?"

धनजहून लग्न होऊन सासूबाई या घरात आल्या तेव्हा शेटजी दुकानाच्या पायरीवर खेळणारं पोर होते. तेव्हापासून घरातलं मीठ-मिरची त्यांच्याच दुकानातून येत होतं.

"चतुराबाई, मी केशरी."

"अरे, केशरी! आवाजावरून वळखलं पाह्य. असा अंधारात काहून उभा राह्यला? उजेडात ये ना."

शेटजी दारात उभे होते. सकाळचं ऊन त्यांच्या अंगावर होतं.

मग शेटजींनी तेच शब्द म्हणायला सुरुवात केली, मनानं, बोलन्यानं, आणि सासूबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "मले कायची माफी मांगतं रे बाबू? तू काय केलं मले?"

हाच प्रश्न मी विचारला होता, आणि मला त्यांनी 'सगळ्याबद्दल' असं सांगितलं होतं. सासूबाईंना ते सांगू शकले नाहीत. ते त्यांच्या डोळ्याकडे पाहत होते. मग आतल्या चुलीकडे पाहू लागले.

कंचनबाईंना जास्त वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या घरचा इस्टो आज इथं आनून देतो. दोन सालापासून त्याच्यावर सैपाक करून राह्यलो, कवा दगा नाही दिला. उकंडरावाकडचा आमी घेऊ."

"म्हणजे तो सदोष होता हे—" मी सुरुवात केली.

"मी तसं नाही म्हनलं," शेटजी जमिनीकडे पाहत म्हणाले.

"त्यांनी तसं म्हटलेलं नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"पन आता तुमी बी म्हना, बाई," कंचनबाई मला म्हणाल्या.

"काय?"

"मिच्छामि दुक्कडम्. हे एका बाजूनं नसते."

मी विचार केला. बिघडलेला स्टोव्ह मला मिळाला. काळी भिंत माझी. पंचांचा चहा सोडता, या प्रकरणात कोणी काही मिळवलं असेल तर ती मी नव्हते. माझ्या हातून नेमकं काय चुकलं होतं, ते मी प्रामाणिकपणे शोधलं आणि मला सापडलं नाही. सापडायला वेळ लागला असता. तोवर सासूबाई पुन्हा चुलीकडे वळल्या होत्या आणि भिंत चाचपत चालल्या होत्या.

मी हात जोडले आणि म्हटलं. उच्चार चुकला असावा.

शेटजींनी मान लववली. "कायच्याबद्दल, हे मी नाही विचारत, बाई," ते म्हणाले. ते हसले नाहीत, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं.

दुपारी कंचनबाईंचा स्टोव्ह आला. चेपलेला, चकाकी गेलेला, एका पायाखाली लाकडाची चकती. त्याच वेळी उकंडराव तावातावानं आले. पंचांचा निकाल लागल्याशिवाय आपसांत मिटवण्याला त्यांची सक्त हरकत होती. "निकालाआधी दावं सोडत नसतेत! बाजाराची रीत आहे!" शेटजींनी जुना स्टोव्ह न्यायला आपला माणूस पाठवला तेव्हा उकंडरावांनी त्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. शेटजींनी पुन्हा माणूस पाठवला नाही. निकाल, माझ्या माहितीप्रमाणे, अजून व्हायचा आहे.

संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला. सासूबाई पाट ओढून बसल्या. हाताला सवय असल्यानं पीठ मळणं, थापणं काही अडत नव्हतं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, आणि मग तोंड स्टोव्हच्या इतकं जवळ नेलं की मी त्यांचा खांदा धरला.

"पेटला काय व?"

"पेटला, आत्याबाई."

"आवाज त येऊन राह्यला. पन डोळ्याले काहीच लागून नाही राह्यलं."

"तो तसाच असतो."

त्या थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या, विश्वास बसेपर्यंत. मग भाकरी उलटली. तिसरी झाली, चौथी झाली. वकीलसाहेब कोर्टातल्यासारखे ओसरीत येरझारा घालत होते. सगळ्यांच्या झाल्या. सासूबाईंनी पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश चावला.

"चांगली झाली," त्या म्हणाल्या. "पन धुराची चव नाही. डॉक्टरले विचारजो, आठ दिसातून एक डाव चुलीवरची खाल्ली त चालते काय."

"नाही चालणार."

"तू डॉक्टर होय काय? विचारजो."

आणि त्यांनी नेहमीसारखा पदर डोळ्याकडे नेला. डोळा कोरडा होता. पदर हातात धरून त्या क्षणभर थांबल्या, आता याचं काय करावं अशा. मग त्याच पदरानं त्यांनी तवा उतरवला.